किल्ली मागणारा चोर

चोर दोन प्रकारचे असतात. एक कुलूप फोडतो. दुसरा दाराची कडी वाजवतो, "तुमच्या काकांनी कचेरीतून पाठवले आहे, कपाटाची किल्ली मागितली आहे," असे सांगतो आणि किल्ली घेऊन निघून जातो. पहिल्याला हत्यारे लागतात, वेळ लागतो आणि आवाजाची भीतीही असते. दुसऱ्याला फक्त गोड बोलता यावे लागते.

व्हॉट्सअ‍ॅप, इन्स्टाग्राम, फेसबुक, यूट्यूब अशा समाजमाध्यमांवर तुमच्यापैकी अनेकांची किंवा तुमच्या घरच्यांची खाती असतील. ती खाती बळकावणारे भामटे बहुतेक वेळा दुसऱ्या प्रकारचे असतात. असे का? या खात्यांची कुलपे कच्ची असतात म्हणून का? नाही. उलट ती फार पक्की असतात म्हणूनच! हे कसे ते आपण थोडे गणित आणि थोडे विज्ञान यांच्या मदतीने पाहू. कारण 'असे करा, तसे करू नका' ही यादी पाठ केली तर नवी युक्ती समोर येताच ती अपुरी पडते. युक्तीमागचे तत्त्व समजले, तर ती कोणत्याही वेषात आली तरी ओळखता येते.

संगणक तुम्हाला ओळखत नाही

शेजारच्या काकू तुम्हाला चेहऱ्यावरून ओळखतात, आवाजावरून ओळखतात, अगदी जिन्यावरच्या पावलांवरूनही ओळखतात. समाजमाध्यम चालवणाऱ्या कंपनीचा संगणक मात्र शेकडो किंवा हजारो किलोमीटर दूर असतो. त्याच्यापर्यंत पोहोचतात ते फक्त आकडे. तुम्ही कोण आहात हे त्याला कळत नाही. तुम्ही कोणता पुरावा देता एवढेच त्याला कळते. जो योग्य पुरावा देईल तो खात्याचा मालक, असे तो समजतो.

हा पुरावा साधारणपणे दोन प्रकारचा असतो. एक, तुम्हाला ठाऊक असलेली गोष्ट, म्हणजे परवलीचा शब्द, ज्याला आपण पासवर्ड म्हणतो. दुसरा, तुमच्याजवळ असलेली वस्तू, म्हणजे तुमचा मोबाईल. मोबाईल तुमच्याच हातात आहे याची खात्री करण्यासाठी त्यावर एक संकेतांक पाठवला जातो. हाच तो ओटीपी, म्हणजे एकदाच वापरायचा परवलीचा शब्द.

कुलूप किती पक्के?

प्रथम परवलीचा शब्द घेऊ. समजा, रोमन लिपीतील २६ छोट्या अक्षरांपैकी कोणतीही आठ अक्षरे, कसलाही अर्थ न पाहता, तुम्ही निवडली. पहिल्या जागी २६ पर्याय, दुसऱ्या जागी २६, असे करत एकूण २६ चा आठवा घात, म्हणजे सुमारे २०,८८३ कोटी शब्द तयार होतात. संख्या मोठी वाटते ना? पण संगणकाच्या दृष्टीने ती मोठी नाही.

चांगल्या सेवा तुमचा शब्द जसाच्या तसा साठवत नाहीत. त्या तो जणू जात्यात घालून दळतात आणि फक्त पीठ ठेवतात. गव्हाचे पीठ करणे सोपे, पण पिठाचे पुन्हा गहू करता येत नाहीत. हे गणिती दळण तसेच एकमार्गी असते. तुम्ही शब्द टाइप केलात की तो पुन्हा दळला जातो आणि दोन पिठे सारखी आहेत का ते पाहिले जाते. आता समजा, एखाद्या सेवेच्या संगणकातून असे पीठ चोरीला गेले. चोर स्वतःच एकामागून एक शब्द दळून पाहू लागतो. दळण हलके असेल आणि यंत्र सेकंदाला एक हजार कोटी शब्द तपासत असेल, तर सगळे २०,८८३ कोटी शब्द तपासायला त्याला फक्त २१ सेकंद लागतील!

आता लांबी वाढवून पाहा. त्याच यंत्राला बारा अक्षरांचे सर्व शब्द तपासायला सुमारे ११० दिवस लागतील आणि सोळा अक्षरांचे तपासायला सुमारे १ लाख ३८ हजार वर्षे! लांबी फक्त दुप्पट झाली, पण काळ सेकंदांवरून युगांवर गेला. घाताची वाढ म्हणजे काय, हे याहून चांगल्या रीतीने क्वचितच दिसते.

अर्थात अक्षरे खरोखर यादृच्छिक असतील तरच हे गणित लागू पडते. स्वतःचे नाव आणि पुढे १२३४, किंवा गावाचे नाव आणि जन्मसाल, असे शब्द चोर सर्वांत आधी तपासतो. आणि एकच शब्द चार ठिकाणी वापरला, तर सर्वांत कमकुवत ठिकाणाहून तो फुटतो व बाकीची तीन दारे आपोआप उघडतात.

सहा आकड्यांचे बळ

मग ओटीपीचे काय? त्यात तर फक्त सहा आकडे! ०००००० ते ९९९९९९ मिळून दहा लाख शक्यता. यंत्राला हे क्षणाचे काम. परंतु येथे एक वेगळी तजवीज आहे. सेवा अंदाज करण्याची संधी मोजकीच देते आणि संकेतांक थोड्याच वेळात निकामी होतो. समजा, पाच प्रयत्न करू दिले. मग अंदाजाने यश मिळण्याची शक्यता दहा लाखांत पाच, म्हणजे दोन लाखांत एक. कुलूप लहान आहे, पण पाच वेळा चुकीची किल्ली लावली की दारच नाहीसे होते!

संकेतांक दाखवणारी काही अ‍ॅपही असतात. त्यांची गंमत पाहा. मोबाईलचे नेटवर्क बंद असले तरी दर ३० सेकंदांनी त्यांत नवा सहा आकडी संकेतांक दिसतो, आणि दूरच्या संगणकाला तो अचूक ठाऊक असतो. दोघांत काही बोलणे झालेले नसताना हे कसे घडते?

याचे उत्तर घड्याळात आहे. सुरुवातीला एक चौकोनी क्यूआर कोड स्कॅन करताना एक गुप्त संख्या अ‍ॅपमध्ये उतरते. तीच संख्या सेवेच्या संगणकाजवळही असते. पुढे दोघेही एकच गोष्ट मोजतात : १ जानेवारी १९७० च्या प्रारंभापासून, ग्रिनिचच्या वेळेनुसार, ३० सेकंदांचे किती तुकडे झाले? वर्षाला असे १० लाख ५१ हजार २०० तुकडे होतात, त्यामुळे आज ही मोजणी पाच कोटींच्या पुढे गेली आहे. गुप्त संख्या आणि तुकड्याचा क्रमांक एकत्र दळायचे आणि त्या पिठातून सहा आकडे काढायचे. दोन्हीकडे धान्य एकच, जाते एकच आणि वेळही एकच. तेव्हा पीठही एकच निघणार! ही पद्धत २०११ मध्ये मानक म्हणून प्रसिद्ध झाली.

एकूण काय, लांब परवलीचा शब्द आणि त्याच्या जोडीला सहा आकडे असे दुहेरी कुलूप अंदाजाने उघडणे चोराला परवडत नाही. म्हणून तो कुलपाचा नाद सोडतो आणि तुमच्या दाराची कडी वाजवतो.

कडी वाजवण्याचे चार प्रकार

पहिला प्रकार असा. तुमच्या मैत्रिणीच्या व्हॉट्सअ‍ॅप खात्यावरून निरोप येतो, "अगं, माझा सहा आकडी कोड चुकून तुझ्या नंबरवर गेलाय. पटकन पाठव ना!" पाहता तर खरेच कोड आलेला असतो. तो का आला? कारण चोराने स्वतःच्या मोबाईलवर व्हॉट्सअ‍ॅप उघडून त्यात तुमचा क्रमांक टाकला. व्हॉट्सअ‍ॅप नोंदणीचा कोड ज्या क्रमांकावर येतो, त्याच क्रमांकाच्या खात्याचा तो असतो. म्हणजे तो मैत्रिणीचा नाही, तुमचाच आहे. तो पाठवलात की तुमचे खाते चोराच्या मोबाईलवर सुरू होते. आणि ती मैत्रीण? तिचे खाते आधीच गेलेले असते. लिहिणारी ती नसतेच.

दुसरा प्रकार भीतीचा. "तुमच्या खात्याविरुद्ध स्वामित्वहक्काची तक्रार आली आहे. २४ तासांत खालील अर्ज न भरल्यास खाते कायमचे बंद होईल." खाली दुवा असतो. तो दाबला की हुबेहूब खऱ्यासारखे पान उघडते आणि परवलीचा शब्द मागते.

तिसरा प्रकार लोभाचा. निळी खूण मिळेल, स्पर्धेत बक्षीस मिळेल, लाइक केल्याचे पैसे मिळतील. किंवा मैत्रीचा : "मला मत दे, त्यासाठी हा कोड स्कॅन कर." तो कोड खरे तर तुमचे खाते चोराच्या संगणकाला जोडणारा असतो. व्हॉट्सअ‍ॅप खाते दुसऱ्या उपकरणाला जोडण्याची सोय देते. क्यूआर कोड स्कॅन करून किंवा आठ अक्षरी संकेत टाकून ही जोडणी होते. ही सोय खरी आहे, पण येथे तिचा फायदा चोराला होतो. तुमचे खाते तुमच्याकडे चालूच राहते आणि चोर शांतपणे तुमचे निरोप वाचत बसतो.

चौथ्या प्रकारात खाते चोरतच नाहीत. तुमचे नाव आणि छायाचित्र उचलून नवे खाते काढतात व तुमच्या ओळखीच्यांना लिहितात, "इस्पितळात आहे, तातडीने पाच हजार पाठवा." तोतयाची युक्ती मुळीच नवी नाही. १७६१ मध्ये पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडल्यानंतर त्यांच्या नावाने एक तोतया उभा राहिला, त्याला माणसे मिळाली, आणि १७७६ मध्ये पेशव्यांच्या कारभाऱ्यांना त्याचे बंड मोडावे लागले. तेव्हा चेहरेपट्टी जुळवावी लागत होती. आता छायाचित्र उतरवून घेणे पुरते.

साखळी कोठे तुटते?

पहिल्या प्रकाराकडे पुन्हा पाहा. एका खात्यावरून चोर शंभर ओळखीच्यांना लिहितो. त्यांतील दोघे फसले, त्या दोघांमुळे चार, चारांमुळे आठ, असे झाले तर दहाव्या पायरीला १,०२४ खाती जातात. भौतिकशास्त्रात अशीच एक गोष्ट आपण शिकतो. युरेनियमच्या विखंडनात एका न्यूट्रॉनमुळे अणू फुटतो, त्यातून आणखी न्यूट्रॉन निघतात आणि ते पुढचे अणू फोडतात. प्रत्येक विखंडनामागे सरासरी किती नवी विखंडने होतात, या संख्येला गुणन गुणांक म्हणतात. तो एकापेक्षा जास्त असेल तर साखळी वाढत जाते. नेमका एक असेल तर ती एकसारखी चालते. एकापेक्षा कमी असेल तर ती विझते. तुर्भे येथील 'अप्सरा' ही भारतातील पहिली अणुभट्टी १९५६ साली सुरू झाली, तेव्हा हाच गुणांक काळजीपूर्वक एकवर आणला गेला होता. अणुभट्टीत न्यूट्रॉन शोषून घेणाऱ्या कांड्या असतात. त्या आत सरकवल्या की गुणांक खाली येतो.

फसवणुकीच्या साखळीचेही तसेच आहे. ती थांबवण्यासाठी प्रत्येक जण सावध असायलाच हवा असे नाही. एका फसलेल्या खात्यामागे सरासरी एकापेक्षा कमी नवी खाती फसली, तरी साखळी आपोआप विझते. वर्गातील काही जणांनी कोड पाठवला नाही आणि लगेच इतरांना सांगितले, तर ते त्या कांड्यांचे काम करतात. सावधपणा ही केवळ स्वतःपुरती गोष्ट नाही, ती याच अर्थाने.

१५ जुलै २०२० चा प्रसंग

'आम्ही काही भोळे नाही, आम्ही फसणार नाही,' असे तुम्ही म्हणाल. तर मग हा प्रसंग वाचा. १५ जुलै २०२० रोजी बराक ओबामा, जो बायडेन, बिल गेट्स, इलॉन मस्क अशा जगप्रसिद्ध व्यक्तींच्या ट्विटर खात्यांवरून एकाच धर्तीचे निरोप झळकले : या पत्त्यावर बिटकॉइन पाठवा, दुप्पट करून परत देऊ. काही तासांत लोकांनी एक लाख डॉलरांहून अधिक किमतीची बिटकॉइन पाठवली. चोरांनी एकंदर १३० खात्यांना लक्ष्य केले होते आणि त्यांतील ४५ खात्यांवरून निरोप प्रसिद्ध केले.

या सर्वांचे परवलीचे शब्द चोरांनी फोडले होते का? मुळीच नाही. ट्विटरचे कर्मचारी तेव्हा साथीमुळे घरून काम करत होते. चोरांनी त्यांना दूरध्वनी केले. आपण कंपनीच्याच संगणक विभागातून बोलत आहोत, दुरून काम करण्याच्या जोडणीत अडचण आहे ती सोडवतो, असे सांगितले आणि खऱ्यासारख्या दिसणाऱ्या बनावट पानावर जायला लावले. कर्मचारी तेथे परवलीचा शब्द टाइप करी, त्याच क्षणी चोर तो खऱ्या पानावर टाइप करी. खऱ्या पानाने दुसरा पुरावा मागितला, तेव्हा काही कर्मचाऱ्यांनी तोही दिला! मग कंपनीच्या आतील साधने चोरांच्या हाती आली. या कटाचा सूत्रधार अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यातला, अवघ्या १७ वर्षांचा मुलगा निघाला. मार्च २०२१ मध्ये त्याने गुन्हा कबूल केला आणि त्याला तीन वर्षांची शिक्षा झाली. (ट्विटरचे नाव २०२३ पासून एक्स असे झाले आहे.)

येथे फसलेली माणसे संगणक कंपनीतली होती. तेव्हा फसणे हे मूर्खपणाचे लक्षण नव्हे. कमतरता होती ती पडताळणीच्या पद्धतीत. ती कोणती ते आता पाहू.

घड्याळ त्याच घड्याळाने तपासू नका

प्रयोगशाळेत तुम्ही तापमापीने पाण्याचे तापमान मोजता. तापमापी नेहमीच दोन अंश जास्त दाखवत असेल, तर तिने दहा वेळा मोजले तरी दहाही वेळा तीच चूक येईल. वाचने एकमेकांशी छान जुळतील आणि तरीही सगळी चुकीची असतील! ही चूक पकडायची तर दुसरी, स्वतंत्र तापमापी हवी.

मैत्रिणीच्या खात्यावरून निरोप आला आणि तुम्ही तेथेच विचारले, "खरंच तूच आहेस ना?" तर उत्तर कोण देणार? ज्याच्या हाती खाते आहे तोच! जुने निरोप त्याच्यासमोरच असल्याने तो पटण्यासारखे उत्तरही देईल. ही पहिल्याच तापमापीने पुन्हा मोजण्याची गत झाली. त्याऐवजी मैत्रिणीला फोन लावा, तिच्या घरी जा, तिच्या भावाला विचारा. कंपनीकडून निरोप आला असेल, तर त्यातील दुवा न दाबता अ‍ॅप स्वतः उघडा आणि तेथे तशी सूचना आहे का ते पाहा. एका वाक्यात सांगायचे तर, ज्या वाटेने निरोप आला ती वाट सोडून दुसऱ्या वाटेने पडताळा घ्या.

भामट्याला हे चांगले ठाऊक असते, म्हणूनच तो घाई करतो. '२४ तास', 'लगेच', 'कोणाला सांगू नकोस' ही त्याची आवडती वाक्ये. घाईमुळे दुसऱ्या वाटेने जायला वेळ उरत नाही आणि गुप्ततेमुळे दुसरी वाटच बंद होते. निरोपात घाई आणि गुप्तता एकत्र दिसली, तर तोच धोक्याचा कंदील समजा.

आजकाल माणसाच्या आवाजाची नक्कलही संगणकाने करता येते. तेव्हा फोनवरचा आवाज ओळखीचा वाटला तरी पैशाचा विषय निघताच फोन ठेवावा आणि आपल्याजवळ असलेल्या क्रमांकावर आपणच उलट फोन करावा.

पत्ता वाचायला शिका

बनावट पान चेहऱ्याने ओळखता येत नाही, कारण चेहरा उतरवून घेता येतो. ओळखायचे ते पत्त्यावरून. टपालाच्या पत्त्यात आपण लहानाकडून मोठ्याकडे जातो : घर, गल्ली, गाव, तालुका, जिल्हा. 'सातारा निवास, जिल्हा नागपूर' या पत्त्यावरचे पत्र साताऱ्याला जाईल का? नाही, ते नागपूरलाच जाईल. पुढचे नाव काहीही ठेवता येते, महत्त्व शेवटच्या भागाला.

संकेतस्थळाचा पत्ता असाच असतो. सुरुवातीच्या दोन तिरक्या रेघा सोडा, त्यानंतरची पहिली तिरकी रेघ शोधा आणि तिच्यापासून डावीकडे वाचा. रेघ नसेल तर पत्त्याच्या शेवटापासून वाचा. 'मदत.इन्स्टाग्राम.कॉम/अर्ज' हा पत्ता इन्स्टाग्रामच्या घरातला, कारण शेवटी 'इन्स्टाग्राम.कॉम' आहे. पण 'इन्स्टाग्राम.कॉम.मदतकेंद्र.इन्फो/अर्ज' हा मदतकेंद्र नावाच्या कोणा तिऱ्हाईताचा! (येथे पत्ते समजण्यासाठी देवनागरीत लिहिले आहेत.) 'को.इन', 'गव्ह.इन' असा दुहेरी शेवट असेल, तर त्याच्या डावीकडचा आणखी एक शब्द पाहायचा.

आणखी एक सापळा आहे. संगणक अक्षराचा आकार पाहत नाही, क्रमांक पाहतो. रोमन लिपीतील छोट्या 'ए' चा क्रमांक ९७ आहे. रशियन भाषेच्या सिरिलिक लिपीत अगदी तसेच दिसणारे अक्षर आहे, पण त्याचा क्रमांक १०७२. डोळ्याला दोन्ही एकच, संगणकाला मात्र पूर्ण निराळी. म्हणून महत्त्वाचा पत्ता दुव्यावर दाबून उघडण्यापेक्षा स्वतः टाइप करणे किंवा अ‍ॅप वापरणे चांगले.

पत्त्याशेजारच्या कुलपाच्या चित्रावरही विसंबू नका. ते एवढेच सांगते की तुमचा लखोटा वाटेत कोणी फोडणार नाही. लखोटा ज्याच्या हाती पडणार तो सज्जन आहे की भामटा, हे ते सांगत नाही.

न मागता येणारी किल्ली

माणसाला चकवून घेता येणारच नाही, अशी किल्ली करता येईल का? होय. तिला पासकी म्हणतात. १९७६ मध्ये व्हिटफील्ड डिफी आणि मार्टिन हेलमन यांनी मांडलेली जोडकिल्लीची कल्पना तिच्या मुळाशी आहे. तुमचा मोबाईल दोन संख्यांची जोडी तयार करतो. एक खासगी, ती तुमच्याजवळच राहते. दुसरी उघड, ती सेवेला दिली जाते. प्रवेशाच्या वेळी सेवा एक यादृच्छिक संख्या पाठवते, मोबाईल खासगी संख्येने तिच्यावर जणू सही करतो आणि सेवा उघड संख्येने ती सही तपासते. खासगी संख्या तुम्हालाही दिसत नाही, मग ती तुम्ही कोणाला सांगणार कशी? शिवाय ही जोडी खऱ्या पत्त्याशी बांधलेली असते. बनावट पत्त्यावर ती चालतच नाही. तुमचा डोळा फसला तरी गणित फसत नाही.

ज्या सेवेत ही सोय आहे तेथे ती घ्यावी. मात्र त्याच खात्याला परवलीचा शब्द आणि ओटीपीची जुनी वाटही खुली असेल, तर चोर त्या वाटेने येऊ शकतो हे विसरू नये. व्हॉट्सअ‍ॅपमध्ये 'टू-स्टेप व्हेरिफिकेशन' ही सोय सुरू करून स्वतःचा सहा आकडी पिन ठेवता येतो. मग नुसता आलेला कोड चोराला पुरत नाही.

खाते गेलेच तर

आधी ईमेलचा परवलीचा शब्द बदला, कारण इतर बहुतेक खात्यांच्या किल्ल्या ईमेलमधून नव्याने मिळतात. मग त्या खात्याचा शब्द बदला आणि 'सर्व उपकरणांतून बाहेर पडा' हा पर्याय वापरा. व्हॉट्सअ‍ॅप गेले असेल, तर स्वतःच्या मोबाईलवर त्याच क्रमांकाने पुन्हा नोंदणी करा. नवा कोड तुम्ही टाकताच चोर बाहेर फेकला जातो. त्याने मध्यंतरी स्वतःचा पिन लावला असेल, तर तुम्हाला आत शिरायला सात दिवस थांबावे लागेल, पण तो मात्र त्याच क्षणी बाहेर गेलेला असेल. 'जोडलेली उपकरणे' या यादीत अनोळखी नाव असल्यास ते काढून टाका. ओळखीच्यांना फोनवर कळवा, म्हणजे साखळी तुटेल.

कोणाचे पैसे गेले असतील, तर मोठ्यांना सांगून १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर ताबडतोब फोन करा. चोर पैसे एका बँक खात्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात झपाट्याने हलवतात, त्यामुळे येथे मिनिटांना किंमत असते. निरोपांची चित्रे पुरावा म्हणून जपून ठेवा. दुसऱ्याच्या परवलीच्या शब्दाचा लबाडीने वापर करणे आणि संगणकाच्या साहाय्याने तोतयेगिरी करून फसवणे हे माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ६६ क आणि ६६ ड खाली गुन्हे असून त्यांना तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. 'फी द्या, खाते परत मिळवून देतो' असे म्हणणारा अनोळखी इसम हा बहुधा दुसरा भामटा असतो.

काही वेळा चोर खात्यातील छायाचित्रे पसरवण्याची धमकी देऊन पैसे मागतात. पैसे दिल्याने मागणी थांबत नाही. अशा वेळी एकट्याने सोसू नका. आईवडिलांना किंवा विश्वासातल्या शिक्षकांना सांगा. मुलांसाठी १०९८ हा मदत क्रमांकही आहे. आणि शिक्षकमित्रहो, मूल असे काही सांगायला आले, तर 'तू मोबाईल घेतलासच कशाला?' हा पहिला प्रश्न कृपया विचारू नका. मुलाला वाटणारी लाज हीच चोराची सर्वांत मोठी मदतनीस असते.

करून पाहा

१. घरच्यांशी बोलून एक परवलीचा शब्द ठरवा. जुन्या काळी रात्री गडाच्या दरवाजावर पहारेकरी तो विचारत असत. "अडचणीत आहे, पैसे पाठवा," असा फोन आला तर तो विचारायचा. तो कोणत्याही निरोपात लिहून पाठवायचा नाही. तो लिहून का पाठवू नये, याचे कारण वर्गात सांगा.

२. फक्त ० ते ९ हे आकडे वापरून केलेल्या बारा आकडी शब्दाच्या किती शक्यता होतात? सेकंदाला एक हजार कोटी शब्द तपासणारे यंत्र त्या किती वेळात संपवील? लेखातील आठ अक्षरी शब्दाशी तुलना करा.

३. एका फसलेल्या खात्यामागे सरासरी ०.८ नवी खाती फसतात असे समजा. सुरुवात १०० खात्यांनी झाली, तर पाचव्या पायरीला किती नवी खाती फसतील? आणि सरासरी १.२ असेल तर? दोन्हींचा आलेख एकाच कागदावर काढा.